गोव्यात वाइन उद्योग खरोखर आहे का, आणि तिथल्या बातम्या कशा वाचाव्यात?

आपला प्रश्न असा आहे की गोव्यात द्राक्षाचा मळा कुठेच दिसत नाही, तरीही दुकानांत ‘गोवा पोर्ट’च्या बाटल्या रांगेने मांडलेल्या असतात, पणजीत वाइन महोत्सव भरतो आणि वर्तमानपत्रांत वाइनच्या आणि फेणी, हुर्राक या स्थानिक मद्यांच्या बातम्या येत राहतात, मग हा उद्योग नेमका आहे तरी कुठे? मी फोंडा तालुक्यात राहतो आणि मद्यविक्रेत्यांचे हिशेब पाहणे हे माझ्या पोटापाण्याचे काम आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

गोवा हे वाइन पिकवणारे राज्य नाही. ते वाइन बाटल्यांत भरणारे आणि विकणारे राज्य आहे. द्राक्षवाइनचे भवितव्य नाशिकच्या मळ्यांत, मुंबईच्या मंत्रालयात आणि दिल्लीच्या व्यापार करारांत ठरते. गोव्याच्या डोंगरउतारावर जे पिकते ते काजूचे बोंड, आणि त्यापासून होणारे मद्य वेगळे, त्याचे कायदे वेगळे आणि त्याच्या अडचणीही वेगळ्या. बातम्या मात्र एकाच पानावर शेजारी शेजारी छापल्या जातात, त्यामुळे बाहेरच्या वाचकाची गल्लत होणे साहजिक आहे.

द्राक्षे येथे का होत नाहीत, हे नाशिककडच्या वाचकाला समजावण्याची गरज नाही. तिकडे एप्रिलमध्ये नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी करून वेलीला कोरड्या, थंड हिवाळ्यात फळ धरायला लावले जाते आणि साधारण जानेवारी ते मार्च या काळात वाइनच्या द्राक्षांची तोडणी होते. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, हवेतला दमटपणा हिवाळ्यातही पुरता जात नाही आणि रात्री पुरेशा थंड होत नाहीत. अशा हवेत केवडा आणि भुरी हे रोग वेलीला उसंत देणार नाहीत. अंगणातल्या मांडवावर हौसेने चार घड धरणे निराळे आणि त्यावर वायनरी चालवणे निराळे.

मग ‘गोवा पोर्ट’ म्हणजे काय? खरी पोर्ट ही पोर्तुगालच्या उत्तरेकडील दोरू नदीच्या खोऱ्यातली वाइन. त्या प्रदेशाची सीमा पोर्तुगालचे तत्कालीन मंत्री मार्केस द पोंबाल यांच्या काळात, 1756 मध्ये आखली गेली. तिच्यात रस आंबत असतानाच द्राक्षापासून काढलेला तीव्र मद्यार्क मिसळतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया मध्येच थांबते, द्राक्षाची साखर शिल्लक राहते आणि मद्यार्काचे प्रमाण साधारण 19 ते 22 टक्क्यांवर जाते. आपल्याकडे त्या नावाने मिळणारी गोड, लाल वाइन बहुतांशी बंगळूर ब्लू या जातीच्या द्राक्षांची असते आणि सहसा बरीच सौम्य असते. बंगळूर ब्लूची बागायत कर्नाटकात, बंगळूर आणि चिक्कबळ्ळापूरच्या परिसरात आहे. म्हणजे फळ कर्नाटकाचे, नाव पोर्तुगालचे आणि लेबल गोव्याचे.

यावर नाक मुरडणारे जाणकार पुष्कळ भेटतात, पण मला त्यात फारसे हशील वाटत नाही. ख्रिस्ती लग्नात टोस्टसाठी, नाताळात आलेल्यागेलेल्याला केकसोबत देण्यासाठी ही वाइन येथे पिढ्यान्पिढ्या वापरात आहे. स्वस्त आहे, गोड आहे आणि एरवी मद्याला न शिवणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही चालते. कायद्याची बाजू मात्र दुर्लक्षिण्यासारखी नाही. ‘पोर्तो’ हे पोर्टचे मूळ नाव भारताच्या भौगोलिक मानांकनाच्या (म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावता यावे यासाठीच्या) नोंदवहीत परदेशी उत्पादन म्हणून नोंदवलेले आहे. त्यामुळे युरोपशी व्यापाराच्या वाटाघाटींची बातमी वाचताना आयातशुल्काइतकेच नावांच्या संरक्षणाकडेही लक्ष ठेवावे. मडगावच्या दुकानातल्या बाटलीवर पुढे कोणते शब्द छापता येतील, याचा संबंध तिथे आहे.

आयातशुल्काचेही थोडक्यात सांगतो. परदेशी वाइनवर भारतात वर्षानुवर्षे 150 टक्के शुल्क होते. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022 रोजी लागू झाला आणि पाच डॉलरांहून अधिक आयातमूल्याच्या बाटलीवरचे शुल्क 100 टक्क्यांवर, तर पंधरा डॉलरांहून महाग बाटलीवरचे 75 टक्क्यांवर आले; पुढील दहा वर्षांत ते अनुक्रमे 50 आणि 25 टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. स्वस्त वाइनला ही सवलत नाही, कारण तिची स्पर्धा थेट नाशिकशी झाली असती.

महाराष्ट्रातले निर्णय गोव्याच्या बाजाराला अधिक जवळचे आहेत. तेथे राज्यातच पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनवर 20 टक्के व्हॅट घेऊन त्यातले 4 टक्के ठेवून बाकीचे 16 टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना आहे, आणि हा परतावा थकला की कंपन्यांच्या ताळेबंदात लगेच दिसतो. 27 जानेवारी 2022 रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने 1000 चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकण्यास मुभा देण्याचे ठरवले, त्यावर मोठे वादंग झाले आणि निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही. त्या दिवसांत आमच्याकडे लोकांना तो वाद वाचून नवल वाटत होते, कारण साबण, डाळ आणि बिस्किटे घ्यायला गेलेल्या सुपरमार्केटात वाइनचे कपाट असणे गोव्यात नित्याचे आहे. पर्यटक आणि ही मोकळीक यांमुळे लहान राज्य असूनही महाराष्ट्र-कर्नाटकातल्या वायनऱ्यांना येथे हजेरी लावावीच लागते. पणजीतला ‘ग्रेप एस्केपेड’ हा राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचा महोत्सव याच कारणाने भरतो. त्यात द्राक्षे पायाने तुडवण्याचा खेळही असतो, पण ती द्राक्षे घाटावरून आलेली असतात. तो पीकोत्सव नव्हे, विक्रीचा मेळा आहे, आणि तसाच त्याचा आनंद घ्यावा.

आता काजूकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण या भागांत मार्च ते मे हा बोंडांचा हंगाम. झाडावरून आपोआप गळून पडलेलीच बोंडे वेचायची, बिया पिळून वेगळ्या करायच्या, बोंडे तुडवून रस काढायचा. चेंदा दाबून ठेवल्यावर जो स्वच्छ गोड रस ठिबकतो तो निरो, आणि तो तसाच प्यायला जातो. बाकीचा रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. काटेकोर बोलायचे तर या टप्प्यावर तयार झालेली असते ती फळाची वाइनच. मात्र बोंडातला तुरटपणा आणि एप्रिलचा उकाडा यांमुळे ती ठेवण्याजोगी नसते, लगेच आंबट होते, म्हणून तिला भट्टीवर चढवण्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या उतारातून मिळतो तो साधारण 15 टक्क्यांचा हुर्राक, आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर 42 टक्क्यांच्या वरची फेणी. जुने लोक तिची तीव्रता अजूनही ‘ग्राव’ या जुन्या मापात सांगतात.

काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्याचे ते पहिले मानांकन. नारळाच्या माडीपासून होणारी फेणी त्यात येत नाही, हे अनेक गोवेकरांनाही ठाऊक नसते. त्यानंतरही कायद्याच्या भाषेत फेणी ‘देशी दारू’च राहिली, आणि त्या एका शिक्क्यामुळे परराज्यात विक्रीची वाट अडली. 2016 मध्ये अबकारी कायद्यात दुरुस्ती होऊन तिला वारसा मद्याचा दर्जा मिळाला आणि 2021 मध्ये स्वतंत्र फेणी धोरण आले. बाटलीबंद फेणी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना याचा लाभ दिसतो. पण जो भट्टीवाला पावणीत, म्हणजे लिलावात, काजूच्या रानाचा पट्टा (झोन) घेऊन दोन-तीन महिने रानात राबतो, त्याच्या हाती किती पडते हा प्रश्न धोरणाच्या कागदाने सुटलेला नाही. मजूर मिळत नाहीत, मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस किंवा ढगाळ हवा आली की ढेकण्या कीड वाढते, आणि बोंडांची आवक घटते. फेणीच्या किमतीची बातमी आली तर आधी डिसेंबर-जानेवारीची हवा कशी होती ते पाहावे.

सीमेपलीकडे दोडामार्ग, सावंतवाडीत बी विकून बोंड कुजायला टाकून देण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्राने 2022 मध्ये काजूबोंडे, मोहफुले इत्यादींपासून केलेल्या स्थानिक मद्याला देशी न मानता विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यातून सिंधुदुर्गात खरोखर उद्योग उभा राहिला, तर चव सारखी असली तरी त्या मद्याला फेणी म्हणता येणार नाही, कारण ते नाव मानांकनाने गोव्याशी बांधलेले आहे. द्राक्षांच्या महोत्सवापेक्षा ही घडामोड मला अधिक लक्षवेधी वाटते.

आपण सहलीला येणार असल्याचेही लिहिले आहे, म्हणून व्यवहाराचे एक सांगतो. हुर्राक टिकत नाही. तो एप्रिलमध्ये इथेच चाखावा, पावसाळ्यात त्या नावाने कोणी बाटली पुढे केली तर घेऊ नये. महोत्सवाच्या तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा पर्यटन महामंडळाकडे विचारूनच आरक्षण करावे. आणि वाइन असो वा फेणी, परत नेताना परवान्याची चौकशी दुकानातच करून घ्यावी. सिंधुदुर्गच्या पानावर रोज झळकणारी ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी बहुतेक वेळा सीमेजवळच्या इन्सुली किंवा बांद्याच्या तपासणीतूनच आलेली असते.