गळ चालत्या बोटीवर, भटकंती नांगर टाकल्यावर

तुम्ही विचारलंय की मित्र काही दिवस बोटीवर राहायला येतायत, रोज मासेही पकडायचेत आणि रोज नवी खाडीही पालथी घालायची आहे, तर जमवायचं कसं. माझ्या मते ही दोन्ही कामं वेगळी ठेवा. गळ प्रवासात टाका, भटकायला मुक्कामी पोचल्यावर निघा. एकाच वेळी दोन्ही करायला गेलं की बोटीकडे कोणाचंच लक्ष राहत नाही.

महागड्या रॉडची गरज नाही. जाड नायलॉनची लांब दोरी, टोकाला तार आणि आमिष, बोटीला बांधताना मध्ये एक ताणणारं रबर. 5 ते 7 नॉटला (ताशी साधारण 9 ते 13 किमी) ट्यूना छान लागतो. रबर ताणलं की आधी वेग उतरवा, मग ओढा. हातमोजे हवेतच, आणि दोरी मनगटाला गुंडाळायची नाही म्हणजे नाही. मासा वर आला की लगेच रक्त काढून बर्फात. ट्यूना उन्हात पडून राहिला तर त्यात हिस्टामाइन नावाचं बाधणारं रसायन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. सगळ्यांना पुरेल एवढा मिळाला की गळ वर.

उष्ण समुद्रात प्रवाळाजवळचा मोठा बाराकुडा किंवा ग्रुपर मी खात नाही, पाहुण्यांनाही देत नाही. अशा माशांत साठणारं सिग्वाटेराचं विष चवीला, वासाला कळत नाही, शिजवून किंवा गोठवून जात नाही. ते बाधलं तर थंड पाणी चटका दिल्यासारखं लागतं आणि त्रास कित्येक आठवडे रेंगाळू शकतो. तिथल्या मच्छीमारांना आधी विचारा.

नव्या खाडीत सूर्य वर आणि पाठीमागे असताना शिरा. एकाने पोलराइज्ड चष्मा लावून नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभं राहायचं: गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ किंवा खडक, दिसलं की थांबा. नांगर वाळूतच पडायला हवा, प्रवाळावर नाही. साखळी भरतीच्या खोलीच्या निदान 5 पट सोडा, आणि ही खोली नाळेच्या टोकापासून मोजा. मग इंजिन मागे चालवून ताण द्या. पाणी स्वच्छ असेल तर मित्रांपैकी एकाला मास्क लावून नांगर बघून यायला सांगा, त्यांनाही मजा वाटते.

डिंगी, म्हणजे बोटीसोबतची छोटी होडी, घेऊन निघालात की आधी वाऱ्याविरुद्ध जा. तिचं इंजिन बंद पडलं तर वारा मोठ्या बोटीकडेच आणेल. वल्ही आणि हातातला व्हीएचएफ रेडिओ सोबत हवा. नांगर नीट धरलाय याची खात्री होईपर्यंत एकजण बोटीवर थांबेल, हे आदल्या रात्रीच ठरवून टाका.