कान दुखत नाही, फक्त वाहतो. ऑपरेशन करू का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी कळव्याला राहते, वय ३४. उजवा कान लहानपणापासून पावसाळ्यात वाहतो, ड्रॉप टाकले की थांबतो. सासूबाई लसूण घालून कोमट केलेलं तेल टाकायला सांगतात, कधीकधी टाकतेही. आता ठाण्यातले डॉक्टर म्हणतात पडद्याला भोक आहे, ऑपरेशन करा. शेजारच्या काकू म्हणतात त्याने तोंड वाकडं होतं. तसा मला त्रास काहीच नाही, फक्त ट्रेनमध्ये कोणी उजवीकडून बोललं तर कळत नाही. करू का राहू दे?

उत्तर: ताई, आधी ते तेल बंद करा, आजपासूनच. पडद्याला भोक आहे म्हणजे तेल थेट मधल्या कानात जातं आणि इन्फेक्शन पुन्हा उसळतं. आणि उजवीकडचं कळत नाही हा त्रासच आहे हो, सवय झाली म्हणून तो जाणवेनासा झालाय.

आता मला सांगा, कानातून येतं ते कसं असतं? पातळ, चिकट, वास नसलेलं असेल तर बहुतेक पडद्याच्या मधोमध साधं भोक असतं. पण थोडंच येतं आणि घाण वास मारतो, असं असेल तर कोलेस्टिएटोमाची शंका घ्यायला हवी, म्हणजे कातडीचा थर आत साचत जातो आणि कानातली बारीक हाडं हळूहळू खातो, दुखत नाही म्हणून माणूस वर्षानुवर्षं गाफील राहतो. त्यासाठी सीटी स्कॅन आणि मॅस्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, मोठं ऑपरेशन लागतं, तिथे थांबणं अजिबात परवडत नाही.

काकूंच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. चेहऱ्याची नस मधल्या कानातूनच जाते, हाडाच्या पातळ नळीतून. पण हाड कुजवणारा आजार तसाच ठेवला तर तोच त्या नसेपर्यंत पोचतो. नुसता पडदा बसवताना नसेला धक्का लागणं फारच क्वचित.

साध्या भोकासाठी टिम्पॅनोप्लास्टी करतात. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून पडद्याच्या जागी बसवतात. साधारण १० पैकी ८-९ जणांचा पडदा धरतो. ऐकू येणं किती सुधारेल ते हाडांवर आहे, म्हणून आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, कराच. नंतर काही आठवडे कानात पाणी नको, नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. आत औषधी स्पंज भरलेला असतो म्हणून सुरुवातीला कान बंद वाटेल, घाबरू नका.

खर्चाची चिंता असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलच्या ईएनटी ओपीडीत दाखवा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

वास येत नसेल तर ऑपरेशन कान कोरडा असताना, तुमच्या सोयीने करा, पण करा. आणि चक्कर, कानामागे सूज, ताप, किंवा तोंड एका बाजूला ओढलं जाणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.