दाखला काढू नका, ताई

प्रश्न : माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. गढीच्या नवोदय विद्यालयात, म्हणजे परीक्षा घेऊन सहावीला प्रवेश देणाऱ्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, त्याचा नंबर लागावा एवढीच इच्छा. गावातली शाळा दोनशिक्षकी. तालुक्याच्या गावी एका खाजगी इंग्रजी शाळेत तिसरीपासूनच नवोदयची तयारी करून घेतात. फी वर्षाला 36 हजार, व्हॅनचे वेगळे. शाळा नगरपरिषदेच्या इमारतीला लागूनच आहे, त्यामुळे बाजाराच्या दिवशी त्याला आणायलाही सोपं. तिथले सर म्हणाले, "तुम्ही खेड्यातलेच, ग्रामीणमधूनच अर्ज भरू." पण मालक म्हणतात गावातच राहू दे, सासूबाई म्हणतात एवढे पैसे कशाला. पोरासाठी मी एकटीच भांडतेय. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज लिहून ठेवलाय. देऊ का?
– एक आई, बीड जिल्हा

उत्तर : नका देऊ.

अर्धं पत्र तुम्ही सासूबाई आणि मालकांवर खर्च केलंत. त्या भांडणात मी पडत नाही, कारण खरी गोष्ट तुम्ही बाजाराच्या सोयीसाठी जाता जाता लिहून गेलात. शाळा नगरपरिषदेला लागून आहे, म्हणजे शहरी हद्दीत आहे. तुमचा मुलगा त्या शाळेत तिसरीला बसला, की त्याच दिवशी तो नवोदयच्या हिशेबात शहरी झाला. तुम्ही खेड्यात राहता, शेती खेड्यात आहे, रेशनकार्ड खेड्याचं आहे, याने काही फरक पडत नाही.

नियम असा आहे. तिसरी, चौथी आणि पाचवी, प्रत्येक इयत्तेचं पूर्ण शैक्षणिक वर्ष ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेलं असलं, तरच मूल ग्रामीण उमेदवार. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत गेला तरी तो शहरी. चौथीत चूक कळली आणि पोराला परत गावात आणलं, तरी उपयोग नाही. पहिली-दुसरी कुठे झाली हे कोणी विचारत नाही. म्हणजे तुमच्या घरात हा घोळ नेमका चुकीच्या जूनमध्ये होऊ घातलाय.

यात जातं काय, तेही बघा. एका नवोदयात सहावीला जास्तीत जास्त 80 जागा. त्यातल्या निदान 75 टक्के, म्हणजे 60, जिल्ह्यातल्या ग्रामीण मुलांच्या. उरलेल्या 20 जागा शहरातल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या नाहीत, तिथे जास्त गुणांची ग्रामीण मुलंही असतात. तुम्ही वर्षाला 36 हजार मोजून पोराला 60 जागांच्या रांगेतून उठवून 20 च्या गर्दीत उभं करणार आहात. तेही एकदाच, कारण ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही.

"ग्रामीणमधूनच अर्ज भरू" म्हणणाऱ्या सरांना एकतर नियम माहीत नाही, किंवा चांगला माहीत आहे. दुसरं असेल तर पुढची सूचना येईल : नाव गावच्या शाळेत राहू द्या, पोराला आमच्याकडे बसवा. याला अजिबात हो म्हणू नका. अर्जासोबत मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र जातं, त्यात तिन्ही वर्षं कोणत्या शाळेत काढली ते येतं. निवड झाल्यावर कागद तपासतात आणि माहिती खोटी निघाली तर प्रवेश रद्द होतो. खोटी हजेरी लावणारे गुरुजी अडचणीत येतात ते वेगळंच.

आता ती शाळा विकतेय काय, ते पाहू. परीक्षा दोन तासांची, 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 40 प्रश्न, म्हणजे 50 गुण, नुसत्या आकृत्यांचे : वेगळी आकृती ओळखा, मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोकं पाडलेला कागद, लपलेली आकृती. याला ना इंग्रजी लागतं, ना टाय. एक छोटा आरसा घ्या, आकृतीशेजारी उभा धरा, पण आधी पोराला उत्तर सांगू द्या, मग आरशात बघू द्या. वहीचा कागद दुमडून पंचने भोक पाडा आणि उलगडण्याआधी भोकं कुठे येतील ते त्याच्याकडून काढून घ्या. लपलेल्या आकृतीसाठी बटर पेपरवर छोटी आकृती गिरवून मोठ्या आकृतीवर सरकवत न्यायची. हे चौथीच्या दिवाळीपासून रोज 20 मिनिटं पुरे. तिसरीत पोराला खेळू द्या.

गणिताचे 20 प्रश्न 25 गुणांचे, वेळ 30 मिनिटं. लसावि-मसावि, अपूर्णांक, नफा-तोटा, परिमिती-क्षेत्रफळ, सगळं प्राथमिक शाळेतलंच. पोरं आपटतात ती एककांवर. 2 किलो 50 ग्रॅम म्हणजे 2.50 किलो लिहून मोकळी होतात, उत्तर असतं 2.050. तुमच्या घरी वजनकाटा असेल, किराणा तर येतोच. त्यावर करून घ्या.

भाषेचे 20 प्रश्न चार उताऱ्यांवर, प्रत्येकी पाच, गुण 25. पेपर मराठीतून देता येतो. तिसरीत अचानक इंग्रजी माध्यमात टाकलेलं मूल पाचवीपर्यंत दोन्ही भाषांमध्ये अधांतरी राहण्याची भीती असते. शब्द वाचता येतात, पण "यावरून काय समजते?" विचारलं की गाडी अडते. रोज एक पान मोठ्याने वाचायला लावा आणि असाच एक प्रश्न विचारा. हे काम सासूबाईंनाही देता येईल.

36 हजारांतले हजार-बाराशे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवर आणि ओएमआर, म्हणजे गोल रंगवायच्या, उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्सवर घाला. ओएमआरची सवय मात्र खरंच लावावी लागते. गोल बॉलपेनने रंगवायचे, खोडता येत नाही. मुलं आधी सगळे प्रश्न सोडवतात, शेवटच्या दहा मिनिटांत गोल रंगवायला बसतात, मध्ये एक प्रश्न सुटला की पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात. म्हणून प्रश्न सुटला की लगेच गोल. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही ओळ कोरी सोडायची नाही.

खाजगी शाळेला माझा विरोध नाही. ग्रामपंचायत हद्दीतली, मान्यता असलेली, आपल्याच जिल्ह्यातली खाजगी शाळा नियमात बसते. सरांच्या शब्दावर जाऊ नका, शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, मागा, यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेची माहिती उघडा, ग्रामीण की शहरी ही नोंद तिथे असते. क्रमांक द्यायला कोणी टाळाटाळ केली तर तिथून उठा.

दोनशिक्षकी शाळेची काळजी तुम्हाला आहे, पण त्याहून मोठी अडचण पाचवीची आहे, आणि ती तुमच्या पत्रात कुठेच नाही. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच असतात. मग पोरं पाचवीला सरसकट तालुक्याच्या हायस्कुलात जातात. तिसरी-चौथी गावात नीट काढलेलं मूल त्या एका वर्षाने शहरी होतं आणि हे आईबापांना अर्ज भरताना कळतं. गुरुजींना या आठवड्यातच विचारा, आपल्याकडे पाचवीचा वर्ग आहे का. नसेल तर शेजारच्या कोणत्या खेड्यात आहे ते शोधा. मामाच्या गावी ठेवायचा विचार असेल तर ते गाव बीड जिल्ह्यातच हवं, कारण पाचवी ज्या जिल्ह्यात, नवोदयही त्याच जिल्ह्याचं. आणि ते गाव मोठं असेल तर नगरपंचायत व्हायच्या वाटेवर नाही ना, हे ग्रामपंचायतीतून काढून घ्या. शहरी कोण हे अर्जाच्या शेवटच्या तारखेला लागू असलेल्या सरकारी अधिसूचनेवरून ठरतं, पोरगा तिथे शिकायला गेला तेव्हा काय होतं त्यावरून नाही.