पप्पा फुकट शिकवायचे, मग मी फी कशी मागू?

घरी गाणं शिकवते, पेटी शिकवते, कीबोर्ड शिकवते पण फी मागायची वेळ आली की जीभ रेटत नाही, असं सांगणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला सतत येतात. कुणी भजनाचे क्लास घेते, कुणी श्लोक शिकवते, कुणाकडे ट्युशनची पोरं असतात, काळजी सगळ्यांची एकच, देवाने दिलेली विद्या विकते का मी, आणि दुसरी तिच्या पोटातली, की हे करताना माझं स्वतःचं पोर बाजूला पडतंय का. या दोन्हींवर मागच्या वर्षीची एक केस सांगते. त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे टीचर म्हणतात, मीही तेच म्हणते.

टीचर जेलरोडला राहतात, मराठी ख्रिस्ती घर, सासरे प्रेसमधून रिटायर झालेले (नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की नोटांची प्रेस हे सांगावं लागत नाही), मिस्टर अंबडला एका कंपनीत, त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला तेव्हा मुलाच्या शाळेची फी भरायची म्हणून टीचरनी घरीच क्लास सुरू केला. माहेर नगरकडचं, वडील पेटी वाजवायचे, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगासारखी गीतं घरात रोज संध्याकाळी व्हायची, त्यामुळे सूर कानातच बसलेला. पहिल्यांदा आल्या तेव्हा नाशिकरोडहून शेअर रिक्षाने शालिमारला उतरून पुढे दुसरी रिक्षा करून आल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, मॅडम मला झोप लागत नाही, रात्री दीड-दोनला जाग येते आणि मग कुणाची फी राहिली ते डोक्यात फिरत राहतं, आणि त्याचीच लाज वाटते की मी पैसे मोजतेय.

मी विचारलं लाज कशाची. तर म्हणाल्या, आमच्या बायबलमध्ये लिहिलंय, तुम्हाला फुकट मिळालं, फुकट द्या. पप्पांनी आयुष्यभर चर्चमध्ये पेटी वाजवली, गावातली पोरं शिकवली, कधी एक पैसा घेतला नाही. आणि सासूबाई एकदा बोलून गेल्या होत्या, घरातली उपासना विकायला काढलीस. ते वाक्य सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

आता वचनाचा अर्थ सांगणं हे माझं काम नाही, मी स्पष्ट सांगितलं की हे तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारा, मनात ठेवू नका. समुपदेशकाने श्रद्धेच्या प्रश्नावर स्वतःचं मत चिकटवू नये असं मला मनापासून वाटतं, माणूस तिथे आधीच दुखरा असतो. मी फक्त एकच विचारलं, पप्पा पोटापाण्यासाठी काय करायचे?

शाळेत मास्तर होते, म्हणाल्या. आणि मग गप्पच बसल्या. बराच वेळ. मग स्वतःच म्हणाल्या, म्हणजे पप्पांना एक तारखेला पगार यायचा.

हो ना. पगार होता म्हणून पेटी फुकट देता आली. माझ्या अनुभवात हेच राहून जातं, आधीच्या पिढीची निस्वार्थ सेवा आपण बघतो पण तिच्या मागे असलेली नोकरी, पेन्शन, नाहीतर शेती बघत नाही, आणि मग ज्या बाईच्या मागे यातलं काहीच नाही तिच्याकडून तीच सेवा मागतो, ती स्वतःही स्वतःकडून मागते. मी त्यांना पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांबद्दलही सांगितलं, कारण ते आपल्या नाशिकशी जोडलेले, 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय ही संगीताची शाळा काढली, केवढं मोठं काम, पण पुढे कर्जापायी मुंबईची विद्यालयाची इमारत लिलावात गेली आणि नंतर ते इथे पंचवटीत रामनाम आधाराश्रमात राहिले. एवढ्या मोठ्या माणसाच्या विद्यालयालाही भाडं, पगार, व्याज चुकलं नाही.

मग वहीवर बसलो. मी सांगितलं आठवडाभर फक्त लिहा, किती वाजता कोण आलं, किती वाजता गेलं, किती दिले. पुढच्या वेळी शाळेची दोनशे पानी वही घेऊन आल्या. 11 मुलं, प्रत्येकाची आई म्हणणार आमच्या वेळेत घ्या, त्यामुळे प्रत्येक मूल एकटं, आठवड्यातून दोनदा, एकेक तास. कुणी सकाळी सातला शाळेच्या आधी, कुणी रात्री साडेआठला. महिन्याला 300 रुपये. आम्ही तिथेच भागाकार केला, महिन्याचे 88 तास आणि सगळ्यांनी वेळेवर दिले तर 3300, म्हणजे तासाला साडेसदतीस रुपये. आणि त्या महिन्यात हातात आले होते 2100. बाकीच्यांचं पुढच्या महिन्यात देते टीचर, तुम्ही तर घरीच असता.

ते घरीच असता त्यांना जास्त लागलं होतं. कारण घरात क्लास म्हणजे काय तर हॉलमध्ये इस्त्रीच्या टेबलावर कीबोर्ड, खाली सतरंजीवर पप्पांची पेटी, मुलाने सा लावला की आत कुकरची शिट्टी, उठून गॅस बारीक करायचा, परत येऊन सा. पेटीचा भाता एका बाजूने चिरलेला, त्याला कापडाची पट्टी चिकटवलेली, दुरुस्तीला टाकायला पैसे नाहीत असं नाही, पण क्लासच्या पैशातून पेटी दुरुस्त करायची हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं, ते पैसे घरखर्चाचे. जे काम आपण काम धरत नाही त्याच्या अवजारावर आपण खर्चही करत नाही, हे मी शिवणकाम करणाऱ्या बायकांतही बघितलंय.

आणि मुलगा. आठ वर्षांचा. तो आतल्या खोलीत बसून बाहेरच्या मुलांचं सगळं ऐकायचा, पण आईने पेटीसमोर बसवलं की उठून जायचा. एकदा शाळेत निबंध होता, माझी आई, त्यात त्याने लिहिलं, माझी मम्मी सगळ्यांची टीचर आहे, आमच्या घरी सारखी बेल वाजते. एवढंच. टीचरनी त्या पानाचा फोटो मला मोबाइलवर दाखवला, आणि रडल्या. मी त्यांना रडू दिलं. मग म्हटलं, यात त्याने तक्रार लिहिलेली नाहीये, बेल लिहिलीये, तर बेलचं काय करता येईल ते बघू.

दरम्यान टीचर पाळकसाहेबांना भेटून आल्या. त्यांनी मत्तयाचा 10वा अध्याय उघडून दिला आणि त्यांनाच वाचायला लावलं. फुकट द्या हे 8वं वचन, आणि दोनच वचनं पुढे, 10व्यात, कामकऱ्याला त्याचं अन्न मिळणं योग्य आहे. मॅडम, मी लहानपणापासून आठव्यावरच थांबत होते, असं मला सांगितलं त्यांनी. पाळकसाहेबांनी आणखी एक चांगलं केलं, चर्चच्या गायनमंडळाची प्रॅक्टिस त्या आठवड्यातून दोनदा घ्यायच्या, ती ते म्हणाले एकदा पुरे.

मग दोन वह्या केल्या. एक सेवेची, त्यात रविवारची उपासना, संडेस्कूल, डिसेंबरमधली कॅरोलची तयारी, याचे पैसे कधीच नाहीत. दुसरी क्लासची, त्यात सगळा हिशोब. बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करणाऱ्या मावशींची मुलगी त्यांच्याकडे शिकते, तिचं नाव त्यांनी स्वतः सेवेच्या वहीत लिहिलं. मला हे फार आवडलं, कारण आता फुकट शिकवणं हा त्यांचा निर्णय होता, कुणीतरी पैसे बुडवलेत म्हणून झालेलं फुकट नाही.

फीचा मेसेज आम्ही माझ्यासमोर मोठ्याने बोलून बोलून तयार केला. फी 600, पाच तारखेपर्यंत आगाऊ. तुमच्याकडून क्लास बुडाला तर भरून मिळणार नाही, माझ्याकडून बुडाला तर मी भरून देईन. तीन-तीन मुलांच्या बॅच, सोमवार ते गुरुवार, 4 ते 7. गुड फ्रायडेला आणि नाताळच्या आठवड्यात सुट्टी. कुठेही सॉरी नाही, कुठेही घरची अडचण नाही. पहिल्या मसुद्यात चार वेळा सॉरी होतं, आम्ही एकेक काढलं. तयार मेसेज पाठवायला त्यांना चार दिवस लागले, आणि पाठवून फोन पिठाच्या डब्यावर उलटा ठेवून त्या गच्चीवर जाऊन बसल्या.

दोन मुलं गेली. एका आईने तर तोंडावर म्हटलं, तुमच्या लोकात तर सेवा असते ना. याचं उत्तर आम्ही आधीच तयार ठेवलं होतं, हो ताई, सेवा रविवारी असते, तुम्ही पण या. राहिली 9, त्यातली एक सेवेची, म्हणजे आठांचे 4800, आणि तीन बॅच, प्रत्येक बॅच आठवड्यातून दोनदा एकेक तास, म्हणजे आठवड्याला 22 तासांऐवजी सहा. झोप लगेच आली असं नाही, दीड महिना गेला, मी त्यांना सांगून ठेवलं होतं की एवढ्यातही सुधारली नाही किंवा जेवण तुटलं, काही करावंसंच वाटेना, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं, त्यात कमीपणा नाही. तशी वेळ आली नाही.

सासूबाई अजून क्लासच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावून घेतात. त्यावर मी त्यांना काही करायला सांगितलं नाही, दार लागल्यामुळे शिट्टी कमी ऐकू येते एवढं टीचरच म्हणाल्या. पेटीचा भाता मात्र बदलला, पहिल्या महिन्याच्या पैशातून.

मुलासाठी शनिवारची पाचची वेळ ठेवली, क्लासच्या वहीत, बाकीच्या बॅचसारखीच रेघ मारून. त्या वेळेत काय करायचं ते तो ठरवणार. मला वाटलं होतं पेटी शिकेल, पण त्याला आईने खाली येऊन त्याची बॉलिंग बघायची होती, बास. मग दर शनिवारी पाचला टीचर पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर.

शेवटच्या सेशनला सांगत होत्या, तिथे बसलेलं असतानाच एका नव्या पालकांचा फोन आला, शनिवारी पाचला जमेल का, फी कितीही चालेल. मी विचारलं मग काय म्हणालात.

म्हटलं, नाही जमणार, त्या वेळी माझी बॅच असते.