कादंबरी वाचून भांडणारी मुलगी: वाचन थांबवायचं की वकिलीला पाठवायचं?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते यंत्रमागावर कामाला आहेत, पत्नी विड्या वळतात. मुलगी बारावी कला शाखेत, मराठी माध्यमात आहे आणि सतत कादंबऱ्या वाचते. ‘फकिरा’ ही कादंबरी वाचल्यापासून अन्याय दिसला की गप्प बसत नाही. आईच्या विड्या तपासणीत जास्त बाद करतात म्हणून ती कारखान्यात जाऊन भांडून आली. तेव्हापासून आईला पानं वजनाला हलकी मिळू लागली. वडील विचारतात, ‘हिचं वाचन बंद करू का? हिला कुठल्या लाईनला घालू?’

दादा, वाचन बंद करू नका. मुलीचा राग रास्त आहे. गडबड दुसरीकडे झाली. हातात एकही कागद नसताना ती भांडली, आणि आईला न विचारता भांडली. विडी कामगाराचं कार्ड आईच्या नावावर, म्हणून फटका आईला बसला. अण्णा भाऊ साठे यांच्या त्या कादंबरीतही हेच आहे. इंग्रज सरकार बंडखोर फकिराला थेट पकडू शकत नाही, तेव्हा त्याच्या माणसांना कोंडतं, आणि त्यांच्यासाठी त्याला हजर व्हावं लागतं. सत्ता आधी जवळच्या माणसांना धरते. तो भाग तिला पुन्हा वाचायला सांगा, आणि या वेळी फकिराच्या बाजूने नको, कोंडलेल्या माणसांच्या बाजूने.

कादंबरी धीर देते. पण तो धीर टिकायला नियम माहीत असावा लागतो. म्हणून एक वेगळी वही घाला आणि पानावर चार रकाने आखा: अधिकार कोणाकडे, कोणत्या नियमाच्या जोरावर, झळ कोणाला, दाद कुठे मागता आली असती. एका कादंबरीतले आठ-दहा प्रसंग पुरेत. उदाहरण म्हणून त्याच कादंबरीतली हजेरी घ्या, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या माणसांना पाटलापुढे द्यावी लागणारी हजेरी. ती पाटलाच्या लहरीवर चालत नव्हती, तिच्यामागे गुन्हेगार जमाती कायदा होता. तो १८७१ मध्ये आला आणि रद्द व्हायला १९५२ उजाडलं. त्याच कायद्याखालची कुंपणातली वसाहत तुमच्या सोलापुरात होती. त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. तिला तिथून एकदा चालवून आणा. जुलूम कायदेशीरही असू शकतो आणि तो कायदा बदलावा लागतो, हे एवढ्या एका उदाहरणात कळतं. या वहीत बहुतेक मुलं कथानक उतरवून मोकळी होतात. दुसरा आणि चौथा रकाना कोरा राहिला तर वही फुकट गेली समजा. तिथे अडलं की वाचनालयात बसून शोधायचं.

आता लाईन. माझं मत स्पष्ट आहे, तिला कायद्याकडे पाठवा. बारावीनंतर पाच वर्षांची विधी पदवी आहे. खुल्या वर्गाला बारावीत ४५ टक्के लागतात, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. राज्याची विधी प्रवेश परीक्षा, एमएच-सीईटी, मराठीतही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची प्रवेश परीक्षा, क्लॅट, फक्त इंग्रजीत असते. दोन तासांत १२० प्रश्न, साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे आणि चुकीला पाव गुण वजा. वाचायची सवय इथे कामी येते, पण मराठी माध्यमाची मुलं वेगात मागे पडतात. रोज एक इंग्रजी संपादकीय घड्याळ लावून वाचलं तरच वर्षभरात फरक पडेल. या वर्षी सीईटीवर भर द्या. सोलापुरात दयानंद विधी महाविद्यालय आहे, घरी राहून शिकता येईल.

सगळ्यात जास्त प्रवेश कागदांपायी अडतात. राखीव जागा हवी असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत टाका, निकालानंतर धावाधाव करून उपयोग नसतो. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर चालू वर्षाचं हवं. इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४ पासून माफ आहे. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर करायचा. फी भरण्याआधी कॉलेजात हे विचारा.

वकिलीची पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची असतात, हे आत्ताच तिला सांगा. ज्युनिअरला मानधन तुटपुंजं मिळतं. ज्याच्या घरी सहा महिन्यांचा खर्च बाजूला नाही, त्याला चुकीचं काम नाकारणं फार जड जातं. म्हणून तत्त्वासाठी म्हणून वेगळी बचत लागते. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या निकालानुसार आधी तीन वर्षं वकिली करावी लागेल.

विड्यांचं प्रकरण तसंच सोडू नका. महिनाभर रोज एका वहीत लिहा: तारीख, पानं किती वजनाची मिळाली, तंबाखू किती, विड्या किती दिल्या, किती बाद झाल्या आणि कारण काय सांगितलं. वजन घरी आणल्या आणल्या करायचं. संध्याकाळी केलं तर पानं सुकलेली असतात आणि आकडा कोणी मानत नाही. बाद केलेल्या विड्या परत देतात की ठेवून घेतात, हेही लिहा. गल्लीतल्या आणखी चार-पाच बायकांनी अशीच वही ठेवली तर एकट्या तुमच्या पत्नीवर कोणी डूख धरू शकणार नाही. मग त्या वह्या आणि कार्डं घेऊन विडी कामगारांच्या संघटनेकडे किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज मुलीने लिहावा, वाचून दाखवावा. सही करायची की नाही, ते आईने ठरवावं.