मोकळ्या प्लॉटचं डिपॉझिट कापायचंय? आधी ‘जागा कशी दिली होती’ ते दाखवा

ताई, उचगावजवळचा दहा गुंठे बिगरशेती प्लॉट तुम्ही तीन वर्षं बांधकाम साहित्य ठेवायला दिलात. आता भाडेकरू गेला, मागे काँक्रीटचे ढीग, मोडलेलं तारेचं कुंपण आणि दोन महिन्यांचं थकलेलं भाडं. करारात ‘नुकसान झाल्यास अनामत जप्त’ आहे म्हणून पूर्ण दोन लाख ठेवून घ्यायचा तुमचा विचार आहे.

त्या एका ओळीवर विसंबू नका. करार कायद्याच्या कलम ७४ खाली करारात काहीही आकडा लिहा, मिळते ती वाजवी भरपाईच. नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाशनाथ निकालात स्पष्ट केलंय. आणि १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा इमारतींचा. मोकळ्या जागेला मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ बघायचा. त्यातलं कलम १०८ सांगतं की जागा जशी घेतली तशी परत द्यायची, वापराची वाजवी झीज आणि न टाळता येणारी आपत्ती सोडून.

आपत्तीचं मी अनुभवानं सांगतो. २०१९ च्या पुरात माझ्या प्लॉटवर गाळ बसला. तो काढायचा खर्च मी भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापला. त्याच्या वकिलानं हेच कलम दाखवलं, मी पैसे मुकाट परत केले. गेटचे खांब मात्र त्याच्याच ट्रकनं पुराआधी पाडले होते. फोटो नव्हता, तोही खर्च माझ्याच अंगावर आला.

तुमचंही दुखणं तेच आहे. ताबा देताना फोटो नाहीत, सह्यांचा पंचनामा नाही. तरी हात टेकू नका. कॉम्प्युटरवर गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रह चित्रं तारखेसह दिसतात. प्लॉट तेव्हा मोकळा होता हे त्यात कळेल. कुंपण घातल्याचं जुनं बिल शोधा. शेजारचे प्लॉटवाले साक्ष देतील का, विचारून ठेवा. ‘कुंपण दुरुस्त करून देतो’ असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर सोनंच! फक्त तो मोबाईल विकू नका. असा पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंद कुठून, कशी काढली हे सांगणारं, प्रमाणपत्र लागतं.

ढीग अजून जागेवर असतील तर जेसीबी थांबवा. आधी त्याला पाहणीची तारीख कळवा. नाही आला तर दोन शेजाऱ्यांसमोर पंचनामा, व्हिडिओ, ढिगाचं माप ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). मग उचलायला लावा आणि पक्कं बिल घ्या; नुसतं कोटेशन म्हणजे अंदाज. कुंपण आठ वर्षांचं असेल तर नव्याची पूर्ण किंमत मागू नका, तिथंच माणूस अडकतो. थकलेलं भाडं सगळ्यात सोपं, बँक स्टेटमेंट बास.

सगळ्याचा हिशोब एका कागदावर मांडून स्पीड पोस्टानं पाठवा, आणि उरलेली रक्कम लगेच द्या. माझ्या अंदाजानं तुमच्याकडे दोन लाख काही राहत नाहीत.

एक विचारायचं राहिलं. करार रजिस्टर केला होता की नुसता नोटरी? एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. नोटरीच असेल तर वकिलाला पहिल्यांदा तेच सांगा, कारण मग त्यातल्या अटींवर भिस्त ठेवता येणार नाही.