तारीख मजकूर म्हणून साठवू नकोस

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यासाठी प्रोग्रॅम लिहितोयस ना, मग सौद्याची तारीख व्हारचार, म्हणजे मजकुराच्या कॉलममध्ये ठेवलीस ते आधी बदल. मजकूर अक्षराअक्षराने लागतो, म्हणून '०५/०४/२०२४' हा एप्रिलचा सौदा '१२/०१/२०२४' या जानेवारीतल्या सौद्याच्या आधी दिसेल. उधारीचे दिवस तर थेट मोजताच येणार नाहीत, आणि अडत्याला नेमके तेच हवे असतात!

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये सरळ डेट प्रकार घे. ३ बाइटांत भागतं. जुना कॉलम लगेच पुसू नकोस. शेजारी नवा जोड, मजकुराची तारीख करणाऱ्या एसटीआर_टू_डेट फंक्शनला दिवस-महिना-वर्ष असा क्रम दे आणि अपडेटच्या आधी नुसतं सिलेक्ट चालवून नल, म्हणजे रिकामी किंमत, कुठे येतंय ते बघ. '१५/१३' असलं काही तिथे सापडेल.

खरी भीती नल न येणाऱ्या ओळींची. एक्सेलमधून आलेल्या काही तारखांत महिना आधी असतो. दिवस १२ पर्यंतचा असला की ०५/०४ चं ०४/०५ बिनबोभाट खपून जातं, कुठलीही एरर नाही. त्यावर माझा उपाय साधा: बिल क्रमांकाने यादी लाव. क्रमांक वाढताना तारीख मध्येच मागे-पुढे उडाली, की ती ओळ कागदी पावतीशी ताडून बघ. कंटाळवाणं आहे, पण करच.

पडद्यावर दिवस-महिना-वर्षच दाखव, डेट_फॉरमॅट त्यासाठीच आहे. टाइमस्टॅम्प हा तारीख-वेळेचा प्रकार मात्र इथे नको: तो यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठतो, आपण ५:३० तास पुढे, आणि नुसत्या तारखेला वेळ चिकटवली की मध्यरात्रीचा सौदा आदल्या दिवशी जाऊ शकतो.